संकेतस्थळावर अभिप्राय वही ठेवताना

लाखांदूर, दिघोरी, बारव्हा, सरांडी या भागातून या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांत एक प्रश्न फिरून फिरून येतो. विचारणारे बहुधा तीन गटांतले असतात. एक, जिल्हा परिषदेचे शिक्षक. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झाल्यावर ‘तंत्रस्नेही’ म्हणवून घेत यांतल्या अनेकांनी स्वतःची संकेतस्थळं उभी केली. दुसरे, झाडीबोलीत लिहिणारे कवी. तिसरे, वडशातल्या नाटक मंडळ्यांत काम करणारे कलावंत. प्रश्न साधारण असा असतो: “लोक येतात, वाचतात, निघून जातात. कोण आलं ते कळत नाही. शाळेत शेरेबुक असतं तशी वही संकेतस्थळावर ठेवता येईल का? आणि ठेवली तर काही भानगड तर होणार नाही?”

ठेवता येते. पैसे लागत नाहीत, आणि एका बैठकीत काम होतं. भानगडही होऊ शकते, पण बहुतेकदा वही लावून विसरल्यामुळे होते. वहीचं पान दर आठवड्याला कोण उघडणार हे ठरलं नसेल, तर पुढचं वाचून झाल्यावरही वही लावू नका. परक्यांच्या कर्जाच्या जाहिराती आपल्या दारावर चिकटू देण्यापेक्षा नुसता संपर्काचा ईमेल दिलेला बरा.

वही कशासाठी हवी आहे?

अनेकांना हवं असतं वेगळंच, आणि मागतात वही. म्हणून आधी एवढं तपासा.

- किती लोक आले एवढंच कळायला हवं असेल, तर ब्लॉगर आणि वर्डप्रेस डॉट कॉम यांच्या ‘स्टॅट्स’ पानावर ते आधीपासून दिसतं. वहीची गरज नाही.
- नाटकाची तारीख ठरवायची असेल, पुस्तक मागवून घ्यायचं असेल, तर संपर्काचा अर्ज ठेवा. तो मजकूर फक्त तुमच्याकडे येतो आणि तसाच यायला हवा.
- एखाद्या कवितेवर किंवा पाठावर चर्चा हवी असेल, तर त्या लेखाखाली प्रतिक्रिया सुरू करा.
- येणाऱ्याने नाव, गाव आणि दोन-चार ओळी लिहून जाव्यात, आणि त्या पुढच्या येणाऱ्याला वाचता याव्यात, एवढीच इच्छा असेल तर ती वही.

काय विचारायचं

नाव, गाव, अभिप्राय. हे तीन रकाने पुरे. आपल्याकडे माणसाची ओळख गावावरून पटते. नोकरीसाठी नागपूर-पुण्याला गेलेल्या माणसाला ‘मूळ गाव’ आणि ‘सध्या मुक्काम’ असे दोन रकाने दिसले तर तो दोन्ही हौसेने भरतो, आणि वही वाचणाऱ्यालाही त्यातच रस असतो. ही हौस करायला हरकत नाही.

मोबाइल नंबर मात्र विचारू नका. ‘सक्तीचा नाही’ असं लिहूनही विचारू नका. रकाना दिसला की माणसं भरतात. मग तो नंबर चुकून पानावर छापला गेला तर पहिला फोन येतो तो केवायसी अडकल्याचं सांगणाऱ्याचा. ईमेलचंही तेच. गावातल्या निम्म्या वाचकांना स्वतःचा ईमेल पत्ता पाठ नसतो, तो सक्तीचा केला की ते पान बंद करतात. जन्मतारीख, शाळेचं नाव, हुद्दा यांची वहीला गरज नाही. जी माहिती घेतलीच नाही ती सांभाळावीही लागत नाही.

वाट पहिली: ब्लॉगर

तुमचं संकेतस्थळ ब्लॉगरवर असेल, आणि शिक्षकांपैकी बहुतेकांचं तिथेच आहे, तर वेगळं काही आणायची गरज नाही.

1. ‘पेजेस’मध्ये नवं पान करा. शीर्षक द्या: अभिप्राय वही. वर दोन ओळींत नियम लिहा (नमुना पुढे दिला आहे).
2. त्याच पानाच्या उजवीकडच्या ‘ऑप्शन्स’मध्ये वाचकांच्या प्रतिक्रियांना परवानगी द्या.
3. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘कॉमेंट्स’ या भागात ‘कॉमेंट मॉडरेशन’ला ‘ऑलवेज’ निवडा. म्हणजे तुम्ही मंजूर केल्याशिवाय एकही ओळ दिसणार नाही.
4. ‘हू कॅन कॉमेंट’मध्ये कोणालाही लिहू द्यायचं की फक्त गूगल खातेधारकांना, हे ठरवा. कोणालाही दिलं तर कचरा वाढतो. खातं सक्तीचं केलं तर म्हातारी माणसं आणि संकोची वाचक गळतात. मंजुरी तुमच्या हाती असताना पहिला पर्याय घ्यावा, असं माझं मत.
5. ‘लेआउट’मध्ये जाऊन पानाचा दुवा वरच्या मेनूत टाका. पान तयार असूनही कोणाला न सापडण्याचं कारण बहुधा ही विसरलेली पायरी असतं.

दोन अडचणी ठाऊक असू द्या. ब्लॉगरच्या या सेटिंग्ज साऱ्या ब्लॉगला लागू होतात, एकट्या वहीला नाही. आणि ब्लॉगरवर आलेली प्रतिक्रिया काढता येते, दुरुस्त करता येत नाही. कोणी अभिप्रायात फोन नंबर टाकला, तर तेवढाच खोडण्याची सोय नाही. नोंद नामंजूर करायची आणि शक्य असेल तर त्या माणसाला पुन्हा लिहायला सांगायचं.

“व्हॉट्सअ‍ॅपवरच्या दुव्यावरून गेलं की प्रतिक्रिया लिहिता येत नाही” ही तक्रार आली तर ‘कॉमेंट लोकेशन’ तपासा. पानातच बसवलेला रकाना काही ब्राउझरमध्ये गूगलचं लॉगिन ओळखत नाही. ‘फुल पेज’ किंवा ‘पॉपअप विंडो’ निवडून पाहा.

वाट दुसरी: वर्डप्रेस

इथेही वेगळं पान आणि त्याखाली प्रतिक्रिया, हीच रीत. फक्त वर्डप्रेस नव्या ‘पेज’वर प्रतिक्रिया आपोआप सुरू ठेवत नाही. पान संपादित करताना उजवीकडच्या ‘डिस्कशन’मध्ये त्या सुरू कराव्या लागतात. मग ‘सेटिंग्ज’मधल्या ‘डिस्कशन’ पानावर:

- प्रत्येक प्रतिक्रिया हाताने मंजूर होईल ही खूण करा.
- नाव आणि ईमेल सक्तीचं असल्याची खूण काढा.
- पिंगबॅक, ट्रॅकबॅक बंद करा. वहीत त्यांचं काम नाही.
- नव्या नोंदी वर दिसतील असा क्रम ठेवा.

नको असलेल्या शब्दांची यादी देण्याची सोयही तिथे आहे. ती जपून वापरा. वर्डप्रेस दिलेली अक्षरं दुसऱ्या शब्दाच्या पोटातही शोधतं. दोन अक्षरी शिवी यादीत टाकली आणि ती अक्षरं एखाद्या आडनावात किंवा गावाच्या नावात असली, तर त्या घरच्या माणसाची नोंद परस्पर कचऱ्यात जाईल आणि तुम्हाला कळणारही नाही. वर्डप्रेस प्रतिक्रिया लिहिणाऱ्याचा आयपी पत्ताही साठवतं. ते वहीच्या नियमांत सांगून टाका.

कचरा गाळायला ‘अकिस्मेट’ आहे. वैयक्तिक, बिनव्यापारी संकेतस्थळाला ते मोफत वापरता येतं. नाटक मंडळीचं संकेतस्थळ जाहिराती किंवा बुकिंग घेत असेल तर ते बिनव्यापारी ठरत नाही, हे लक्षात ठेवा.

वाट तिसरी: गूगल साइट्स आणि फॉर्म

नव्या गूगल साइट्समध्ये प्रतिक्रियांची सोय नाही. म्हणून लोक पानात गूगल फॉर्म बसवतात. ही वाट सोपी आहे, आणि माहिती उघडी पडण्याची शक्यताही इथेच सर्वांत जास्त. चार गोष्टी तपासा:

- फॉर्मच्या सेटिंग्जमध्ये ईमेल गोळा करण्याचा पर्याय बंद असावा.
- ‘एकदाच उत्तर’ ही अट नको. ती लावली की गूगल लॉगिन मागतं.
- उत्तरांचा सारांश भरणाऱ्याला दाखवण्याचा पर्याय बंद असावा. तो सुरू राहिला तर मंजुरीला काही अर्थच उरत नाही, कारण फॉर्म भरणारा इतरांची न तपासलेली उत्तरं वाचू शकतो.
- उत्तरं जमा होणारी शीट कधीही संकेतस्थळावर बसवू नका.

शेवटचा मुद्दा जरा उलगडतो. शीट पानात दिसावी म्हणून ‘दुवा असलेला कोणीही पाहू शकेल’ अशी परवानगी दिली जाते. मग एका कोपऱ्यात दिसणारी शीट संपूर्ण उघडता येते, लपवलेले रकानेसुद्धा कोणी नक्कल काढून पाहू शकतो. तुम्हाला दाखवायचं होतं एक पान, उघडी झाली सगळी फाइल. मंजूर नोंदींसाठी अगदी वेगळी फाइल करा, तीत फक्त तारीख, नाव, गाव आणि अभिप्राय उतरवा, आणि तीच पानात बसवा. महिन्याला मोजक्याच नोंदी येत असतील तर तेवढाही खटाटोप नको. मजकूर हाताने उतरवून पानावर चिकटवा. यात कमीपणा नाही. छोट्या वहीला हीच पद्धत सगळ्यांत सुरक्षित आहे, असं मी म्हणेन.

फॉर्मच्या ‘रिस्पॉन्सेस’मध्ये नवी नोंद आली की ईमेल येण्याची सोय आहे. ती सुरू करा, नाहीतर वही आहे हेच विसरायला होतं.

वाट चौथी: तयार वह्या आणि स्वतःचा प्रोग्रॅम

दोन ओळींचा कोड चिकटवला की वही तयार, अशा मोफत सेवा आहेत. त्यांच्या जाहिराती तुमच्या पानावर दिसतात, नोंदी त्यांच्याकडे राहतात, आणि सेवा बंद झाली की वहीही जाते. ऑर्कुटवर मित्रांनी लिहिलेली स्क्रॅपं आठवत असतील. ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट बंद झालं, आणि ज्यांनी मुदतीत आपली माहिती उतरवून घेतली नाही त्यांची ती गेली. याहू जिओसिटीजवरची पानं, वह्यांसकट, २००९ साली अशीच गेली होती. नोंदी उतरवून घेण्याची सोय जी सेवा देत नाही, ती घेऊ नका.

पुतण्याने किंवा गावातल्या एखाद्या मुलाने स्वतः प्रोग्रॅम लिहून दिला असेल तर कौतुक करा, आणि त्याला तीन प्रश्न विचारा. लिहिणाऱ्याने मजकुरात एचटीएमएलचा कोड टाकला तर तो चालतो का? (चालता कामा नये. तो नुसती अक्षरं म्हणून दिसला पाहिजे.) डेटाबेस ‘यूटीएफ-८’, आणि मायएसक्यूएल असेल तर ‘यूटीएफ-८ एमबी-४’ आहे का? आणि नोंदींची नक्कल कुठे राहते? एका जरी उत्तराला तो अडखळला तर वर सांगितलेल्या पहिल्या तीन वाटांपैकी एक धरा.

मराठी नोंदी का बिघडतात

“अभिप्राय आला, पण सगळी प्रश्नचिन्हं दिसतात.” याचं कारण डेटाबेस युनिकोड साठवत नाही. वर ‘यूटीएफ-८’चा प्रश्न विचारायला सांगितला तो यासाठी. ब्लॉगर, वर्डप्रेस आणि गूगल फॉर्मवर हा त्रास सहसा होत नाही.

“इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते.” ही दुसरी गोष्ट, आणि आपल्याकडे जास्त आढळणारी. डीटीपीची दुकानं, जुनी कार्यालयं, शाळांचे संगणक इथे अजून कृतिदेव किंवा श्रीलिपीत टंकन चालतं. तो मजकूर युनिकोड नसतो. तिथून उचलून वहीत चिकटवला की तो फॉन्ट वाचणाऱ्याकडे नसल्याने खिचडी होते. युनिकोडमध्ये बदलून देणारी मोफत साधनं आहेत, पण ती जोडाक्षरं आणि रफार कधीकधी चुकवतात, म्हणून बदललेला मजकूर डोळ्यांखालून घाला. वहीच्या वर एक ओळ लिहिलीत तर बरंच काम होईल: ‘मोबाइलवरच्या मराठी कीबोर्डने लिहा किंवा माइक दाबून बोला.’

रोमन अक्षरांत मराठी लिहिणारे पुष्कळ आहेत. इंग्रजी अक्षरं दिसली की नोंद अडवायची अशी चाळणी लावू नका. कचऱ्याबरोबर तुमचे वाचकही अडतील.

आता एक गोष्ट शिक्षक मंडळींसाठी. कोणी झाडीबोलीत ‘पानी’ लिहिलं तर ते ‘पाणी’ करू नका. लाल पेन ठेवून द्या. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी या बोलीसाठी आयुष्य वेचलं. आपल्या वहीत आलेली बोली आपणच प्रमाण करून टाकली तर लिहिणारा पुन्हा फिरकणार नाही.

कचरा आणि फसवणूक

वही उघडी ठेवली की माणसांआधी यंत्रं येतात. गोडगोड इंग्रजी वाक्य आणि खाली एक दुवा, अनोळखी लिपीतल्या ओळी, सट्ट्याची अ‍ॅप, झटपट कर्ज, घरबसल्या कमाई. हे सगळं दुवा पेरण्यासाठी असतं. २००५ पासून शोधयंत्रांनी अशा दुव्यांना किंमत न देण्याची सोय केली आहे, तरी यंत्रं थांबलेली नाहीत.

उपाय, उपयोगाच्या क्रमाने: आधी मंजुरी, मग प्रसिद्धी. अभिप्रायात दुवे चालणार नाहीत हा नियम. माणसाला न दिसणारा एक रिकामा रकाना, जो फक्त यंत्र भरतं (वर्डप्रेससाठी अशी प्लगइन मिळतात). चित्रं ओळखायला लावणारा कॅप्चा सगळ्यांत शेवटी. कमी नेटवर्कमध्ये तो उघडत नाही आणि वयस्कर वाचक कंटाळतात.

मंजूर करताना यंत्रापेक्षा माणसाने लिहिलेला एक प्रकार जास्त सांभाळावा लागतो. आपुलकीने लिहिलेला मराठी अभिप्राय, आणि शेवटी ‘पीक विमा अडला असल्यास या नंबरवर बोला’. तुमच्या पानावर छापला म्हणून लोक त्या नंबरवर विश्वास ठेवतील. असली नोंद जाऊ देऊ नका. कोणाचे पैसे गेलेच तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच कळवायला सांगा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.

कायद्याचं तेवढंच

- बदनामी. कोणी तुमच्या वहीत सरपंचावर, संस्थेवर किंवा शेजाऱ्यावर आरोप लिहिला आणि तुम्ही तो मंजूर केला, तर ‘मी लिहिलं नाही’ हे उत्तर तोकडं पडू शकतं. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत बदनामीचं कलम ३५६ आहे. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा अशी शिक्षा त्यात आहे. दुसऱ्यांचा मजकूर ठेवणाऱ्या मध्यस्थांना माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ७९ संरक्षण देतं, पण ज्याने प्रत्येक नोंद वाचून निवडली त्याने त्यावर विसंबून राहू नये. जातीवरून किंवा धर्मावरून अपमान करणारी नोंद तर क्षणभरही ठेवू नका.
- वैयक्तिक माहिती. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. निव्वळ वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी एखाद्या व्यक्तीने हाताळलेली माहिती त्यात येत नाही. शिकवणी, दुकान किंवा नाटक मंडळी यांची वही मात्र ‘घरगुती’ म्हणता येणार नाही.
- मुलं. या कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे, आणि त्याची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते. तुमची वही कायद्यात येवो न येवो, विद्यार्थ्याचं पूर्ण नाव, शाळा, इयत्ता आणि फोटो एकत्र छापू नका. मुलाला लिहायचं असेल तर पालकाच्या नावाने लिहू द्या.
- शिक्षक आणि कर्मचारी. समाजमाध्यमांच्या वापराबाबत राज्य शासनाने जुलै २०२५ मध्ये कर्मचाऱ्यांसाठी सूचना काढल्या. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा, असं त्यात आहे. तोच धडा इथे लावा. तुमच्या खासगी संकेतस्थळावरची वही शाळेची म्हणून मिरवू नका, आणि केंद्रप्रमुखांनी शाळेच्या शेरेबुकात लिहिलेला शेरा फोटो काढून तिथे लावू नका.
- अभिप्राय कोणाचा? लिहिणाऱ्याचा. कोणी वहीत स्वतःची कविता लिहून गेलं तर तिचा हक्क त्याच्याकडेच राहतो. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की मंडळ्यांना पत्रकावर छापायला प्रेक्षकांची वाक्यं हवी असतात. वहीतून उचलण्याआधी विचारा.

वहीच्या वर लावायचा मजकूर

पुढचा नमुना जसाच्या तसा घेतला तरी चालेल (वर्डप्रेसवर आयपी पत्त्याची ओळ तेवढी जोडा):

*‘आपलं नाव, गाव आणि अभिप्राय लिहा. नोंद वाचून झाल्यावर, साधारण आठवड्याभरात, इथे दिसेल. फोन नंबर, दुवे, जाहिराती आणि कोणाचीही निंदा असलेल्या नोंदी घेतल्या जाणार नाहीत. अठरा वर्षांखालच्या वाचकांसाठी पालकांनी लिहावं. आपली नोंद काढून हवी असल्यास खालच्या ईमेलवर कळवा, कारण सांगायची गरज नाही.’*

शेवटचं वाक्य गाळू नका, आणि पाळा. नोंद काढायला सांगणाऱ्याशी वाद घालू नका. लग्न, नोकरी, भावकीतलं भांडण, कशामुळेही माणसाला आपलं नाव नकोसं होऊ शकतं. पानावरून काढलीत की फॉर्मच्या शीटमधून आणि मंजूर नोंदींच्या फाइलमधूनही काढा. या दोन जागा हमखास राहून जातात.

वादाची नोंद काढायची असेल तर उलट क्रम ठेवा. आधी तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, मग पानावरून उतरवा, आणि मूळ मजकूर स्वतःकडे जपून ठेवा. पुढे कोणी विचारायला आलं तर काय छापलं होतं आणि कधी काढलं, हे दाखवता आलं पाहिजे.

टीका आली तर

‘तिसऱ्या अंकात नाटक पडलं’ किंवा ‘स्वाध्यायात उत्तर चुकलं आहे’ ही निंदा नाही. अशी नोंद छापा. नुसत्या वाहवाची वही कोणी दोनदा वाचत नाही. खाली एका ओळीचं उत्तर द्या, दुरुस्ती केली असेल तर तसं सांगा. लांबलचक खुलासे नकोत.

नक्कल आणि निरोप

ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये ‘बॅक अप कंटेंट’ आहे, त्यात प्रतिक्रियाही उतरतात. वर्डप्रेसमध्ये ‘टूल्स’खाली ‘एक्स्पोर्ट’ आहे. गूगल शीट डाउनलोड करता येते. वर्षातून दोनदा, दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत, नक्कल उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा. ज्या गूगल खात्यावर वही आहे त्याचा पासवर्ड आणि पर्यायी मोबाइल नंबर सुरू आहे ना, तेही त्याच दिवशी पाहा. बदली झाली, सिम बदललं आणि खातं उघडेना, असं झालं की नोंद काढून देण्याचं तुमचं वचनही पाळता येत नाही.

आणि वेळ मिळेनासा झाला तर वही बंद करा. जुन्या नोंदी राहू द्या, नव्या प्रतिक्रिया थांबवा (ब्लॉगरवर पानाच्या ‘ऑप्शन्स’मध्येच त्याची सोय आहे, फॉर्म असेल तर उत्तरं घेणं बंद करा), आणि वर लिहा: ‘अमुक महिन्यापासून वही बंद आहे, ईमेलवर लिहा.’ तो ईमेल मात्र वापरातला द्या.